उरलेलं कापड, जुनी लेस आणि घरात जपायच्या छोट्या वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात घरीच शिवण शिकवते, त्यामुळे हे प्रश्न मला फोनवर, व्हॉट्सॲपवर, भाजी घेताना, लग्नात जेवायच्या पंगतीत, कुठेही विचारले जातात. उत्तरं दरवेळी तीच असतात म्हणून एकदाची एका जागी लिहून काढली. सोपे प्रश्न आधी, अवघड नंतर. एक गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून मध्ये मध्ये "अमुक प्रश्न बघा" असं लिहिलंय, तेवढं बघून घ्या.

१. ताई, जपायच्या वस्तू म्हणजे नक्की काय शिवायचं? गोधडी सोडून काही असतं का?

हो, भरपूर असतं. गोधडी, वाकळ हे मोठं काम, त्याला जागा लागते, दोन-चार साड्या लागतात. मी इथे बोलतेय ते ताटाएवढ्या कापडातून होणाऱ्या वस्तूंबद्दल: लेस लावलेला रुमाल, बाळाचं झबलं, टोपडं, कुंची, डूल-अंगठ्या ठेवायचा बटवा, पोथीचं वेष्टण, आरतीच्या ताटावर झाकायचा रुमाल, उशीच्या अभ्र्याची पट्टी. कापड घरातलंच, कुणाच्या तरी अंगावरचं, आणि शिवण अशी की उलट्या बाजूनेही स्वच्छ दिसली पाहिजे, एकही कच्ची कड उघडी नको. कारण ही वस्तू वीस-तीस वर्षं धुतली जाणार, घड्या पडणार, दुसऱ्या घरी जाणार, आणि जिथे कड उघडी राहते तिथूनच ती उसवायला लागते. उलट्या बाजूचा हा मुद्दा मी पुढे पण काढणार आहे.

२. मला फक्त साधी शिवण येते. पहिली वस्तू कोणती करू?

रुमाल. सगळे म्हणतात रुमालात काय आहे, पण ह्या कामातलं निम्मं शिक्षण रुमालात होतं. मऊ मलमल किंवा जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग घ्या, २७ सेंमीचा चौकोन. कापताना डायरेक्ट कात्री चालवू नका, आधी एक धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढून काढा, कापडावर बारीक रेघ पडते, त्या रेघेवरून कापा. चौकोन असा सरळ येतो की नंतर लेस लावताना भांडायला लागत नाही.

मग कड वळायची. डाव्या हाताचा अंगठा किंचित ओला करा आणि कड अंगठा आणि तर्जनीत धरून आतल्या बाजूला गुंडाळा, काडीपेटीतल्या काडीपेक्षा बारीक गुंडाळी व्हायला पाहिजे, आणि बारीक सुईने तिरके टाके घालत गुंडाळीच्या वरून जा. दोन-दोन इंच गुंडाळा, शिवा, परत गुंडाळा, एकदम सगळी बाजू गुंडाळायला गेलात तर सुटते. पहिली बाजू वाकडी येईल, येऊ द्या, चौथ्या बाजूपर्यंत हात बसतो.

लेस लावायची तर सुलट बाजूला सुलट बाजू लावून, दोन्हीच्या कडा एकमेकींना भिडवून तसेच तिरके टाके. कोपऱ्यात लेस ओढून घेऊ नका. प्रत्येक कोपऱ्यावर जास्तीची लेस चुण्या करून बसवायची, म्हणजे २ सेंमी रुंद लेस असेल तर कोपऱ्याला अंदाजे ५ सेंमी जादा. २५ सेंमीच्या तयार रुमालाला चार बाजूंचे १०० सेंमी, कोपऱ्यांचे २०, जोडायला थोडी, म्हणजे सव्वा मीटर लेस घ्या. लेसचा जोड कोपऱ्यात नको, एका बाजूच्या मध्यावर घ्या, तिथे तो लपतो.

३. आईची साडी कापायला हात धजत नाही. कापावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारीचा आवाज भरून आलेला असतो, म्हणून नीट सांगते. साडी नेसण्यासारखी असेल तर कापू नका. सरळ. नेसा, नाहीतर मुलीला नेसवा. साडी फाटली असेल, निऱ्यांचा भाग विरला असेल, ती वर्षानुवर्षं कपाटात नुसती पडून असेल आणि घडीवर चिरत चालली असेल तर मात्र कापा, कारण घडीवरची चीर दरवर्षी वाढतच जाते आणि मग रुमालापुरतं पण कापड हाताला लागत नाही.

कापायची कुठून, तर आधी साडी पूर्ण उलगडून उजेडात धरा. जिथून उजेड ठिपक्याठिपक्याने जास्त येतो तो भाग विरलेला, तिथे खडूने खूण करा. पदराच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे आत खोचला जायचा तो भाग, बहुतेक साड्यांत सगळ्यात चांगला राहिलेला असतो. सुरुवात तिथून करा. पदराला आणि काठाला पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. त्या टोकातून एक हातभर कापलंत तरी एक झबलं किंवा दोन बटवे होतात आणि साडी साडीच राहते. एकदा छोटी वस्तू हातात आली की पुढचं काय ते तुम्हालाच कळतं.

४. कापड सुती आहे की रेशमी की मिक्स, कसं ओळखू?

कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा, मोरीत उभं राहून काडी लावा (मुलं जवळ नकोत). सुती धागा भुरुभुरु जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि राखाडी मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, काळा मणी होतो पण बोटाने चुरडला जातो. पॉलिस्टर, नायलॉन वितळतं आणि कडक मणी राहतो, चुरडत नाही. वास कागदाचा आणि राहिलेला मणी कडक, असं असेल तर ते मिक्स आहे. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळा बरं का, इरकलसारख्या साडीत दोन्ही वेगळे असू शकतात. लेसची पण हीच टेस्ट.

५. कापड विरलंय. टाकून देऊ?

लगेच नको. दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकंच ताणा. टर्रकन आवाज आला, धागे सरकले तर ते कापड ओढ असलेल्या कुठल्याही वस्तूला चालणार नाही, म्हणजे झबलं, पिशवी, उशी कट. पण ज्या वस्तूला ताण नाही तिथे चालतं. पोथीच्या वेष्टणाचा वरचा थर, फ्रेममध्ये लावायचा तुकडा, बटव्याच्या झाकणावरचं एक फूल. विरलेल्या कापडाखाली धुवून आकसवलेल्या मलमलचा तुकडा लावा आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घाला, वाकळीला घालतो तशाच, मग ओढ खालच्या मलमलवर जाते.

पेस्टिंग (इस्त्रीने चिकटवायचं आतलं कापड) मारू का असं लगेच विचारतात. सुती कापडाला मारा, हरकत नाही. जुन्या रेशमाला मारू नका, त्याचा गोंद परत निघत नाही, कापड कडक होतं आणि घडीवर पटकन तुटतं. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, कापडाला झेपेल तेवढंच काम त्याला द्या, आपल्या मनात झबलं असलं आणि कापडात रुमालापुरतीच ताकद असली तर रुमाल करा.

६. लेस कुठली घ्यायची? सोलापुरात कुठे मिळेल?

सुती. बाकी डिझाइन तुमच्या आवडीचं, पण सुती. नायलॉनची लेस बाळाच्या गळ्याला टोचते, गरम इस्त्रीखाली आकसते आणि मलमलच्या कापडाबरोबर म्हातारी होत नाही, कापड मऊ होत जातं आणि लेस तशीच कडक राहते. दुकानात "कॉटन लेस" म्हणून दोन्ही दाखवतात, त्यामुळे अर्धा मीटर घेऊन घरी प्रश्न ४ मधली टेस्ट करा, मग बाकीची घ्या.

मधला मारुती, चाटी गल्ली, नवी पेठ ह्या भागात फिरलात की लेस, अस्तर, रुबिया, मलमल सगळं मिळतं. दिवाळी आणि लग्नसराईत जाऊ नका, दुकानदाराला थान उलगडून दाखवायला वेळ नसतो. गारमेंटवाल्यांची कतरण किलोवर मिळते पण त्यात युनिफॉर्मचं टेरिकॉट जास्त असतं, ते ह्या कामाला नको, पिशव्यांना ठीक. लेस आणली की शिवायच्या आधी कापड आणि लेस दोन्ही धुवून वाळवून घ्या. दोघी वेगवेगळ्या आकसतात, आधी नाही धुतलं तर पहिल्याच धुण्यात रुमालाची वाटी होते.

७. आजीच्या परकराला क्रोशाची लेस आहे. ती काढून वापरता येईल का?

येईल, आणि परकर फाटला तरी लेस बहुतेक वेळा ठणठणीत असते. काढताना लेस ओढायची नाही. परकर उलटा करा आणि उसवणीने किंवा ब्लेडच्या कोपऱ्याने टाके कापडाच्या बाजूने कापा, लेसचा एकही टाका कापला जाता कामा नये. मग कोमट पाण्यात साबणाशिवाय तासभर, पाणी बदलून परत, आणि टॉवेलवर आडवी पसरून टाचण्यांनी कांगोरे ओढून वाळवा. टाचण्या स्टीलच्या घ्या, गंजणाऱ्या नको.

मधून कापायची असेल तर थांबा. क्रोशाचं काम कापलं की एका टोकाने भराभर सुटत जातं. जिथे कापायचंय तिथे दोन्ही बाजूंना, मध्ये अर्धा सेंमी सोडून, बारीक सुईने प्रत्येक घर पकडत टाके घाला, खाली पातळ कागद ठेवून मशीनने पण दोन ओळी मारता येतात, कागद नंतर फाडून काढायचा. मगच मधून कापा आणि टोक मागे दुमडून टाका.

आणि लेस अपुरी पडली तर तशाच डिझाइनची नवीन शोधत फिरू नका, पांढऱ्याच्या दहा छटा असतात, जुळत नाही. जेवढी आहे तेवढ्यात बसेल अशी वस्तू करा. एक वीतभर लेस असेल तर बटव्याचं तोंड.

८. माझ्याकडे जुनी काळी मशीन आहे, झिगझॅग नाही. लेस कापडाच्या मध्ये, आरपार दिसेल अशी कशी बसवायची?

जुनी काळी मशीन ह्या कामाला फारच चांगली, टाका सरळ आणि घट्ट येतो. असं करा. झबल्याच्या पुढच्या भागावर जिथे लेस हवी तिथे धागा ओढून (प्रश्न २) सरळ रेघ करा. लेस सुलट बाजूला वर ठेवा, दोन्ही कडांना कच्चा टाका घाला. मग मशीनने लेसच्या दोन्ही कडांवरून बारीक सरळ शिवण. आता कापड उलटं करा. लेसच्या मागे कापडाची पट्टी दिसते, ती बरोबर मधोमध कात्रीने चिरा, फक्त कापड, खालची लेस नाही, त्यासाठी बोथट टोकाची छोटी कात्री वापरा आणि दर इंचाला थांबून खाली बोट घालून बघा. चिरलेले दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला दुमडून इस्त्री करा, सुलट बाजूने परत एक ओळ मारा, आणि मागचं जादाचं कापड शिवणीच्या जवळून कापून टाका. झालं.

मलमल खूप सुळसुळत असेल तर कापायच्या आधी साबुदाण्याची पातळ खळ देऊन इस्त्री करा, कापड कागदासारखं उभं राहतं. काम झाल्यावर खळ धुवून टाकायची, का ते प्रश्न १६ मध्ये आहे.

ह्या पद्धतीत कापडाचं माप बदलत नाही, लेस वर ठेवून मागचं काढतोय ना, म्हणून वेगळी मोजणी लागत नाही. टक्स (शिवलेल्या बारीक घड्या) घालायचे असतील तर मात्र लागते, २ मिमीचा एक टक ४ मिमी कापड खातो, आठ टक्सला ३ सेंमीच्या वर गेलं. म्हणून आधी टक्स, लेस सगळं एका मोठ्या तुकड्यावर करून घ्या, आणि त्यावर झबल्याचा कागद ठेवून मग कापा. उलटं केलंत तर झबलं बाळाच्या अंगात जाणार नाही.

९. सुई आणि दोरा किती नंबरचा?

मलमल, रुबियाला मशीनची ९ किंवा ११ नंबरची सुई, नवीन. बोथट सुईने मलमलमध्ये धागे ओढले जातात आणि आडवी रेघ पडते ती जात नाही. दोरा बारीक सुती, कापडापेक्षा मजबूत नको. जाड पॉलिस्टर दोरा जुन्या कापडाला कापतो, शिवण राहते आणि कापड शिवणीच्या बाजूने फाटतं.

१०. बाळाचं झबलं, टोपडं, कुंचीला किती कापड लागतं? बाळाला लेस टोचणार नाही का?

नवीन जन्मलेल्या बाळाची छाती साधारण ३१ ते ३३ सेंमी असते. झबलं घेराला ४५ ते ५०, लांबी ३० ठेवा, पुढून किंवा मागून उघडं, बंद लावून. ९० सेंमी पन्ह्याचं अर्धा मीटर कापड पुरतं आणि त्यातच टोपडं पण निघतं. कुंचीला उभट पट्टा लागतो, ती बहुतेक खणाची किंवा जरीकाठाची करतात, पण अस्तर मात्र मऊ जुन्या सुतीचंच लावा.

लेस गळ्याला आणि मनगटाला आतून लावू नका, खालच्या घेराला किंवा छातीवर (प्रश्न ८) लावा. अगदी तान्ह्याच्या झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात ती पद्धत अगदी योग्य आहे. मणी, टिकल्या, मोती काही नको, बाळ ओढून तोंडात घालतं. बंद आखूड ठेवा, गळ्याशी लांब दोरी किंवा ओढायची नाडी अजिबात नको, आणि टोपडं-कुंची घालून बाळाला झोपवू नका, कार्यक्रमापुरती घाला आणि काढा. फोटो छान येतो म्हणून रिबीन लावून द्या असं सांगतात, मी नाही लावत.

११. बोरन्हाणासाठी काळं झबलं जुन्या साडीतून होईल का?

होईल, काळी चंद्रकळा किंवा काळा खण असेल तर उत्तमच. फक्त जुना काळा रंग सुटतो आणि हलव्याचे दागिने घालणार म्हणजे बाळाला घाम येणार. पांढरं ओलं फडकं कापडावर दाबून दहा मिनिटं ठेवा. फडक्याला रंग लागला तर आत पांढऱ्या मलमलचं अस्तर गरजेचंच आहे. मीठ किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, त्याच्यावर विसंबू नका.

१२. आजोबांची गड्ड्याच्या यात्रेची बाराबंदी आहे. नातवासाठी छोटी करता येईल का?

ह्या प्रश्नाने मला फार बरं वाटतं. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची यात्रा, तिच्यात नंदीध्वजाबरोबर (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) पांढरी बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा अंगरखा, घालून चालणारी लहान मुलं बघितली की कळतं हे कपडे घराघरात किती जपलेले असतात.

करता येते. आधी मापाचं गणित बाजूला ठेवा आणि कापड बघा. काखेचा भाग घामाने पिवळा पडून कुजलेला असतो, तो सोडा. गळ्याची कड झिजलेली असते, ती पण सोडा. पाठीचा भाग बहुतेक चांगला असतो, चार-पाच वर्षांच्या मुलाचे पुढचे दोन्ही भाग आणि पाठ त्याच्यातून आणि पुढच्या भागांच्या खालच्या घेरातून निघते. घेराची मूळ शिवण असेल तर ती तशीच ठेवून खालून माप लावा, आजोबांच्या वेळची हातशिलाई नातवाच्या कपड्यात राहते. बंद उसवून घ्या, धुवा, तेच लावा, कमी पडले तर बाहीच्या कापडातून नवीन करा. जानेवारीत यात्रा असते आणि लोक डिसेंबरच्या शेवटी विचारतात, प्लीज दिवाळीनंतर लगेच कामाला लागा.

आणि हो, बाराबंदी एकच असेल आणि घरात अजून कोणी मोठं माणूस ती घालणारं असेल तर कापू नका (प्रश्न ३).

१३. इरकलचा पदर, खण, जरीचा काठ ह्यांचं काय करायचं? हे सुटतं फार.

इरकलचं अंग आणि पदर वेगवेगळ्या उभ्या धाग्यांचे असतात आणि ते मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. तो जोड नीट बघा, बारीक रेषेसारखा दिसतो. त्याच्यावरून कात्री चालवली की दोन्ही बाजू सुटतात. पदर वेगळा करायचा असेल तर अंगाच्या बाजूने तीन बोटं सोडून, आधी मशीनच्या दोन ओळी मारून, मग कापा. तो लाल पदर अर्धा करून दोन बटवे करण्यापेक्षा अख्खा ठेवून ताटावरचा रुमाल करा असं मी सांगेन, पदराची रचना अख्खी असतानाच शोभते.

खणाचा पन्हा अरुंद असतो आणि दोन्ही कडांना काठ, त्यामुळे काठ बाहेर ठेवून मधल्या भागात माप बसवा, कड वळायची मेहनत वाचते. खण कापला की पाच मिनिटांच्या आत कडा शिवून घ्या. फ्रेंच शिवण घाला, म्हणजे आधी उलट बाजू आत ठेवून सुलट बाजूने बारीक शिवायचं, कडा कापायच्या, उलटवायचं आणि परत शिवायचं, कच्ची कड आत बंद होते.

जरीवर गरम इस्त्री डायरेक्ट नको, उलट्या बाजूने, मध्ये सुती फडकं. जरीवर लेस पण नको, दोघी एकमेकींना खरवडतात. जरीचा काठ काळा पडला असेल तर घासून चमकवू नका, खऱ्या जरीवरचा मुलामा निघून जातो.

१४. आमच्याकडे मिलचा शिक्का असलेलं जुनं कापड आहे. धुतलं तर शिक्का जाईल का?

सोलापूरच्या किती तरी घरांत हे निघतं, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, कुणाचे वडील, कुणाचे आजोबा तिथे कामाला होते, आणि पेटीच्या तळाशी थानाचं शेवटचं टोक तसंच घडी घालून ठेवलेलं असतं. गिरण्या बंद झाल्या, कापड राहिलं.

शिक्क्याच्या कोपऱ्यावर ओल्या कापसाचा बोळा हलकाच टेकवा. शाई बोळ्यावर आली तर तो भाग धुवायचाच नाही, तेवढा कापून वेगळा करा आणि फ्रेममध्ये लावा किंवा पोथीच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूला, मलमलवर टाके घालून (प्रश्न ५). शाई आली नाही तरी ब्लीच आणि कडक साबण नको. एका बाईंना मी त्यांच्या वडिलांच्या धोतराच्या टोकाचा रुमाल कसा करायचा ते सांगितलं होतं, शिक्का कोपऱ्यात येईल असा, तीन बाजूंना लेस आणि शिक्क्याची बाजू लेसशिवाय, मूळ काठ तसाच ठेवून. लेस कुठे लावायची नाही हे ठरवणं पण ह्या कामात येतं.

१५. पिवळे डाग आणि गंजाचे डाग कसे काढायचे?

वयाने आलेला पिवळेपणा आधी नुसत्या पाण्याने बराच जातो. टबात आडवं पसरून भिजवा, पाणी पिवळं झालं की बदला, दोन-तीन वेळा. मग कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, फक्त पांढऱ्या सुतीला. साध्या क्लोरीनच्या ब्लीचने पांढरं होतं पण धागा कमजोर होतो, जुन्या कापडाला नकोच. रेशमाला दोन्ही नको.

गंजाचा डाग पांढऱ्या सुतीवर असेल तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, आपल्याकडे उन्हाची काही कमी नाही, अर्ध्या तासाने बघा, पाहिजे तर परत. मग भरपूर पाण्याने धुवा, लिंबू आत राहिलं तर कापड खातं. बोअरच्या पाण्यात शेवटचं धुणं करू नका, जड पाणी असतं, कापड कडक होतं आणि लोह असेल तर नवीन पिवळेपणा येतो. नळाचं पाणी रोज येत नाही हे मला पण माहितीये, म्हणून हे काम पाणी येतं त्या दिवशी धरा.

लेस इस्त्री करायची तर जाड टर्किश टॉवेल घ्या, आपल्या सोलापुरात तो घरोघर आहेच, दुहेरी घालून लेस त्याच्यावर पालथी ठेवा आणि मागून इस्त्री करा, नक्षी चपटी होत नाही.

१६. तयार झालेली वस्तू ठेवायची कशी?

वापरा. हेच पहिलं उत्तर. वापरत नसाल त्या दिवसांत, धुवून, खळ पूर्ण काढून (खळीला कसर लागते), सावलीत वाळवून, जुन्या धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, वर्तमानपत्रात नको. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका, जरीचं कापड असेल तर पेटीतही नको, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी काढून घडी वेगळ्या जागी घाला.

१७. सोलापुरी चादरीचा तुकडा आहे, त्याला लेस लावून काही होईल का?

लेस नको. चादर जाड, वजनदार, तिच्यापुढे बारीक लेस बिचारी दिसते आणि एका धुण्यात फाटते. चादरीच्या चांगल्या तुकड्याची पिशवी करा, १६ किंवा १८ नंबरची सुई, मोर किंवा फूल मध्यावर येईल असं कापून, आत जुन्या साडीचं अस्तर.

१८. साडी एक आणि आम्ही तिघी बहिणी. भांडण न होता कसं वाटायचं?

नऊवारी असेल तर सोपं आहे. ९ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, आणि काठ दोन्ही बाजूंना, म्हणजे सोळा मीटरच्या वर काठ तुमच्याकडे आहे! पदर एकच असतो, अंग कुठे कुठे विरलेलं असतं, पण काठ सगळ्यात टिकाऊ, तो सारखा वाटता येतो. तिघींनी एकाच मापाची वस्तू करा, काठाची चौकट आणि मध्ये अंगाचा चौकोन, आणि पदर आईकडे किंवा सगळ्यात मोठ्या बहिणीकडे अख्खा राहू द्या. पदराचे तीन तुकडे करायचा हट्ट धरू नका. आणि कापताना तिघी समोर बसा, एकीने कापून पोस्टाने पाठवलं की मनात राहतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

१९. सासूबाई म्हणतात गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाला घालू नये. काय करू?

त्यांचं मन मोडून शिवू नका. बाळाला पहिलं मऊ जुनं कापड घालायची रीत आपलीच आहे, आणि कित्येक घरांत पणजीच्या लुगड्याची दुपटी आनंदाने वापरतात, पण तुमच्या घरात नको म्हणत असतील तर त्या कापडाचा बटवा करा, पोथीचं वेष्टण करा, किंवा झबलं नवीन मलमलचं आणि फक्त लेस जुनी, ह्याला बहुतेक सासूबाई तयार होतात. आधी विचारा, कापड हातात घेऊन त्यांच्याशेजारी बसा. पुष्कळदा ते लुगडं कधी घेतलं, कुठल्या लग्नात नेसलं हे त्याच सांगायला लागतात, आणि ते पुढच्या प्रश्नासाठी लिहून ठेवा.

२०. वस्तूवर नाव-तारीख लिहायची का? कशी?

लिहा, कारण एका पिढीनंतर कोणालाच आठवत नाही हे कापड कुणाचं. सुती नाडीचा बोटभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं आत दुमडा, आणि एका पदरी दोऱ्याने मागच्या टाक्यात भरा: कुणाचं कापड, कुणी शिवलं, वर्ष. एवढंच, जास्त मजकूर मावत नाही. बॉलपेन नको, त्याची शाई धुताना पसरते. भरायला जमत नसेल तर कापडावर लिहायचा पक्का मार्कर घ्या, नाडीवर लिहा, इस्त्री फिरवा, एकदा धुवून बघा आणि मगच वस्तूला लावा. नाडी उलट्या बाजूला, शिवणीच्या जवळ, चारही बाजूंनी टाके घालून. बाळाच्या कपड्यात ती खालच्या घेरापाशी लावा, मानेशी टोचते. लुगडं कुठल्या लग्नातलं वगैरे मोठी हकीकत असेल तर ती कागदावर लिहून वस्तूच्या घडीत न ठेवता पेटीच्या झाकणाला आतून लावा, कागदाचा पिवळेपणा कापडाला लागतो.